अण्णांचं दुसरं मत

होमाचा धूर अजून मांडवात रेंगाळत होता. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, पाया पडायला आलेल्या कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवला आणि तसंच मागे वळून सुनेला, नीलाला म्हणाले, "जेवणं झाली की वरच्या खोलीत ये. मुकुल आणि अक्कालाही सांग. चौघंच."

 आज तरी हे नको, असं नीलाला मनापासून वाटत होतं. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी विमानतळाजवळचं देवनहळ्ळीचं घर माणसांनी भरून गेलं होतं. बेळगाव, धारवाड, थेट गावाकडचं नेसरी, सगळीकडून पाहुणे आले होते. पानात होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, डाळीची कोसंबरी आणि पुण्याच्या पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेली अळूची भाजी होती. कुंपणापलीकडे द्राक्षांचे मळे होते तिथे आता आखलेले प्लॉट आणि पाट्या होत्या. डोक्यावरून विमान गेलं की गुरुजी मंत्र थांबवायचे आणि आवाज विरला की सोडलेल्या शब्दापासून पुढे म्हणू लागायचे. असा दिवस. पण सोमवारी, म्हणजे उद्याच, घरच्या 'सेतू' कंपनीच्या संचालकांची बैठक होती आणि घरचं मत अजून ठरलं नव्हतं.

सेतूच्या मोबाईल व्यवसायाला मागणी आली होती. देशातली एक बडी कंपनी सगळे ग्राहक, सगळी रेडिओ यंत्रणा, मोबाईलच्या लहरींचे हक्क असं सारं काही आपल्यात सामावून घ्यायला तयार होती. फायबरचं जाळं आणि बोम्मसंद्राचा यंत्रसामग्रीचा कारखाना नेसरीकरांकडे राहणार होता. सेतू हे नाव मात्र लोकांच्या फोनवरून जाणार होतं.

आणि ते नाव अण्णांनी ठेवलेलं होतं. अण्णा, म्हणजे पद्माकर नेसरीकर, मूळचे सरकारी टेलिफोन कारखान्यातले इंजिनिअर. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे त्या काळात, खेड्यातल्या उन्हात आणि धुळीत तग धरेल असं छोटं एक्स्चेंज बनवायचं वेड डोक्यात घेऊन त्यांनी पक्की नोकरी सोडली आणि यशवंतपूरला बाजारामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बस्तान मांडलं. पुढे मोबाईलचे परवाने निघाले तेव्हा सगळे मोठ्या शहरांवर तुटून पडले. अण्णांनी कुणालाच नको असलेले डोंगराळ तालुके मागून घेतले. किराणा दुकानात मिठाच्या पुडीशेजारी मिळेल असं लहान रिचार्ज आणलं. परदेशी कंपनी निम्मी भागीदारी मागायला आली तेव्हा नाही म्हणाले. लहरींच्या लिलावात भलेभले डोळे मिटून बोली लावत होते तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला, आणि ते भलेभले पुढे बुडाले. फक्त एकदा ते स्वतः चुकता चुकता वाचले. त्यांच्या थोरल्या मुलाने, रत्नाकरने, आपले टॉवर प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही भाड्याने द्यायची कल्पना काढली तेव्हा त्यांनी आधी घर डोक्यावर घेतलं आणि मग ऐकलं. त्या भाड्यावर सेतू कितीतरी वर्षं तगली.

मग डेटा जवळजवळ फुकट मिळू लागला. एकेक कंपनी कुणाच्या तरी पोटात गेली किंवा बंद पडली. सेतू टिकली, पण धापा टाकत. आता फाइव्ह-जी उभं करायचं तर हत्तीचं बळ हवं होतं, आणि ते सेतूकडे नव्हतं.

घरच्या शेअर्सचं मत एकच पडायचं, असा करार अण्णांनीच घालून दिला होता. चौघांची चार मतं. समसमान झाली तर अण्णांचं दुसरं मत निर्णायक. ते दुसरं मत आजवर कधी लागलंच नव्हतं, कारण अण्णांच्या पहिल्या मताविरुद्ध या घरात कधी कुणी गेलं नव्हतं.

वरच्या खोलीत पंखा मोठ्याने कुरकुरत होता. खाली पाहुण्यांची दुसरी पंगत बसली होती, तिचा गलका जिन्यातून वर येत होता.

"बोल मुकुल," अण्णा म्हणाले.

मुकुल अण्णांचा धाकटा मुलगा. सेतूचे आर्थिक व्यवहार तो पाहत असे आणि घरात त्याला सगळे कोरडा समजत. "माझं मत तुम्हाला ठाऊक आहे अण्णा. द्यावं. आज मान देऊन मागतायत. दोन वर्षांनी कुणी विचारणार नाही."

"अक्का?"

मनस्विनी, सगळ्यांची अक्का, भावंडांत सर्वांत मोठी. बोम्मसंद्राचा कारखाना तिने उभी हयात एकटीने सांभाळला होता. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. "अजिबात नाही. माझा निम्मा माल सेतू घेते. उद्या ते लोक बाहेरून यंत्रं आणतील आणि माझ्या माणसांना मी काय सांगू? आणि अण्णांनी नाही म्हटलं तेव्हा तेव्हा आपण वाचलोय. इतिहास आहे तो."

"माझंही नाहीच," अण्णा म्हणाले. मग त्यांनी नीलाकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हताच. सून आपल्याच बाजूने बोलणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

नीलाने पदराचं टोक मुठीत धरलं. "अण्णा, माझं मत मुकुलबरोबर आहे."

 अक्काने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी तिसरीच बाई तिथे येऊन बसली होती.

"काय म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"मोबाईल आपण द्यायला हवा."

अण्णांचा आवाज चढला नाही, पण तो बदलला. "रत्नाकर गेला तेव्हा तुला त्या खुर्चीवर कुणी बसवलं, नीला?"

"तुम्ही."

"हाच मुकुल तेव्हा काय म्हणाला होता? वहिनींना झेपेल का, म्हणाला होता. की नाही रे?"

"म्हणालो होतो," मुकुल खाली बघत म्हणाला.

ते खरंच होतं. नीला नागपूरची, शिकलेली रेडिओ इंजिनिअर, पण प्रांजली झाल्यावर नोकरी सोडून घरी बसलेली. रत्नाकर एका सकाळी चहाचा कप हातात असताना अचानक गेला. त्यानंतर ती मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. तिला आणायला नागपूरला अक्का गेली होती, आणि स्टेशनवर उतरवून घ्यायला अण्णा स्वतः उभे होते. गाडीत बसल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "टॉवरचं काम तू बघ. मला दुसरं कुणी दिसत नाही." पहिलं वर्षभर ते तिच्या प्रत्येक बैठकीला शेजारी येऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. कुणी तिच्या बोलण्यावर हसलं, की फक्त त्याच्याकडे बघत राहायचे. हसणारे थांबले. आज सेतूचं सगळं नेटवर्क तिच्या हाताखाली होतं. ती स्वतःच्या पायावर उभी राहिली होती ती या माणसामुळे, आणि हे ती एक दिवसही विसरली नव्हती.

"तुमचे उपकार मी विसरले नाही, अण्णा," ती म्हणाली. "म्हणूनच खोटं बोलवत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून होला हो म्हणाले असते तर तुम्ही मला इतकी वर्षं फुकटच शिकवलंत असं झालं असतं."

"मग खरं काय ते सांग."

"गेल्या पावसात होसनगरच्या पुढचे आपले टॉवर बंद पडले होते, ते मी बघायला गेले होते. एका सुपारीच्या बागेत थांबले. सावित्रम्मा म्हणून बाई आहेत, तुमच्याच वयाच्या. त्यांच्या घरात दोन फोन. एक त्यांच्या कमरेच्या पिशवीत, बटणांचा, आपला. दुसरा भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दुसऱ्या कंपनीचा. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाल्या, डॉक्टरला बोलवायचं, गाडी मागवायची, तर तो भिंतीवरचा. मग हा? तर पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, 'इदु नम्म सेतू.' ही आपली सेतू. गावात पहिला फोन हिनेच आणला, त्यांचा मुलगा पहिल्यांदा मस्कतहून बोलला तो हिच्यावरून. म्हणून दर महिन्याला रिचार्ज करतात. त्याच्यावर आवाज येवो न येवो."

नीला अण्णांकडे वळली.

"मला तिथे तोंड वर करवेना, अण्णा. आपल्याकडे अशी किती माणसं आहेत हे मला रोज दिसतं. ती रेंजसाठी आपल्याकडे राहिलेली नाहीत. तुम्ही कधीकाळी त्यांच्यासाठी जे केलंत त्याची जाण ठेवून राहिली आहेत. आणि आपण ती जाण खाऊन दिवस काढतोय. बाईंना रात्री-अपरात्री छातीत कळ आली आणि चुकून पिशवीतला फोन लावला तर?"

"आपण सुधारू. बॅटऱ्या बदलू, जनरेटर बसवू," अक्का म्हणाली.

"बसवले, अक्का. जिथे बसवले तिथे दुसरीकडचे काढून बसवले."

अण्णा खिडकीशी गेले. बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "होसनगरच्या पुढे म्हणजे कुठं? नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

"तिथलं एक्स्चेंज आम्ही बैलगाडीतून नेलं होतं," ते म्हणाले. "ताडपत्री कमी पडली, तर मी माझा रेनकोट त्याच्यावर घातला."

पुढे ते काय बोलणार होते कोण जाणे, पण तेवढ्यात जिन्यावरून नीलाच्या सासूबाईंचा, सुनंदाबाईंचा आवाज आला, "अहो, खाली या. निघणारी माणसं पाया पडायला खोळंबली आहेत." अण्णा खाली गेले.

दुपारी स्वयंपाकघरात संध्याकाळच्या औक्षणाची तयारी चालली होती. कणकेचे एक्याऐंशी दिवे करायचे होते. नीला कणीक मळत होती. अक्का आली, समोर पाट ओढून बसली आणि दिवे वळू लागली. तिचे हात भराभर चालत होते.

"नागपूरला तुला आणायला मी आले होते," चार-पाच दिवे झाल्यावर ती म्हणाली.

"हो अक्का."

"तुझ्या आईच्या हातापाया पडले मी. आमची आहे, आम्हाला द्या म्हणून. आणि आज तू मला विचारलंही नाहीस. सरळ त्यांच्यासमोर..." तिने हातातला बिघडलेला दिवा मोडला. "कारखाना बंद पडला तर चारशे घरं आहेत, नीला. मला तू आधी सांगायचं होतंस."

"सांगायला हवं होतं," नीला म्हणाली. "तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. पण कारखाना बंद पडणार नाही, अक्का. मसुद्यात अट आहे. पाच वर्षं त्यांनी आज सेतू घेते ती सगळी यंत्रं आपल्याकडूनच घ्यायची. आणि बटणांच्या फोनची सेवा तीन वर्षं बंद करायची नाही."

"तुझं काळीज मोठं आहे, मला माहीत आहे. घातली असशील तू अट."

"बटणांच्या फोनची मी घातली. तुझी मी नाही घातली. मला सुचलीसुद्धा नव्हती."

अक्काचे हात थांबले. "मग?"

"मुकुलने. त्यांच्या वकिलांशी तो तीन बैठका भांडला. शेवटी म्हणाला, ही अट नसेल तर मी उठतो. आणि खरंच उठला. दारापर्यंत गेला, तेव्हा त्यांनी बोलावलं."

"मला बोलला नाही कधी."

"तो कुणाला काय बोलतो?"

अक्काने पदराने डोळे टिपले, तेव्हा गालाला कणीक लागली. "लहानपणी असाच होता तो," ती म्हणाली. "माझी सायकल पंक्चर झाली की गुपचूप पंक्चर काढून आणायचा आणि विचारलं तर म्हणायचा, मला काय ठाऊक." ती उठली आणि बाहेर गेली. नीलाने खिडकीतून पाहिलं. मांडवाच्या कोपऱ्यात मुकुल आचाऱ्याशी हिशेबाचं बोलत उभा होता. अक्का गेली आणि काही न बोलता त्याच्या हातातला कॉफीचा पेला घेऊन स्वतः प्यायली. मुकुल गोंधळून तिच्या गालावरच्या कणकेकडे बघत राहिला.

संध्याकाळी दिवे लागले. सुनंदाबाईंनी आधी ओवाळलं, मग अक्काने, मग नीलाने. तबक जड होतं आणि दिव्यांची धग चेहऱ्यावर येत होती. नीला ओवाळत असताना अण्णांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. तिला ते टोचलं, पण तिने तबक नीट खाली ठेवलं, वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात आला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला की काय, हे तिला कळलं नाही.

पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या. प्रांजली दारात उभी राहून एकेकाच्या हातात प्रसादाची पिशवी देत होती. अण्णांनी तिला सांगितलं, "तुझ्या आईला मागच्या पडवीत पाठव. आणि त्या दोघांनाही."

"अज्जा, आता तरी स्वल्प आराम करा."

"करतो. ते आले की करतो."

पडवीत वेताच्या खुर्चीत ते बसले होते. उपरणं काढून शेजारी ठेवलं होतं. तिघं आली आणि पायरीवर, मिळेल तिथे टेकली. विमानतळाकडचं आकाश अजून तांबूस होतं.

"दुपारपासून एकच विचार करतोय," अण्णा म्हणाले. "त्या परदेशी कंपनीला नाही म्हणालो, लिलावाला नाही म्हणालो, आणि बरोबर ठरलो. मग माझं असं झालं की नाही म्हणणं म्हणजेच शहाणपण. रत्नाकरलाही नाहीच म्हणत होतो. त्याने ऐकलं असतं तर सेतू तेव्हाच आटोपली असती." ते थांबले. "त्या वेळी प्रत्येक वेळेला मी गिऱ्हाइकाचं बघून नाही म्हणालो होतो. या वेळी मी माझं नाव बघत होतो. नावापुढे मला बाकी काहीच दिसत नव्हतं. खरं की नाही?"

मग ते लेकीकडे वळले.

"अक्का, तुझं अजून नाहीच आहे का?"

"नाहीच, अण्णा," अक्का म्हणाली. "पण दुपारइतकं जोरात नाही."

अण्णा हसले. दिवसभरात पहिल्यांदा. "बरं. दोन आणि दोन. मग माझं दुसरं मत लागतंय. पहिलं मी बदलत नाही, ते माझ्या मनाचं आहे, राहू दे. दुसरं या पोरीला देतो. सरी? चालेल?"

नीला पायरीवरून उठली. "अण्णा, मी..."

"दुपारी मी तुला बोललो ते बोलायला नको होतं. खुर्चीवर बसवलं म्हणून हिशेब मागायचा नसतो." त्यांनी आता तिच्या डोळ्यांत पाहिलं. "सगळे हो म्हणतात अशा घरात म्हातारा माणूस आंधळा होतो गं. तू बोललीस, बरं केलंस. माझ्यावर तुझं ऋण आहे आता."

"असं बोलू नका."

"बोलणार. आज माझा दिवस आहे. मला काय वाटेल ते बोलीन."

मुकुल उठला आणि काही न बोलता त्यांचं उपरणं उचलून त्यांच्या खांद्यावर नीट घातलं. वारा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांच्या दालनात अण्णा ठेवणीतला करडा कोट घालून आले. ते आता नावापुरते अध्यक्ष होते आणि बैठकांना क्वचितच यायचे, त्यामुळे त्यांना बघून सगळे उठून उभे राहिले. विषयपत्रिकेवर विलीनीकरणाचा ठराव होता आणि तो नेटवर्कप्रमुख म्हणून नीलाने मांडायचा होता. ती काल झोपेपर्यंत तेच मनात घोळवत होती. उद्या बाजारात, पेपरांत, नात्यागोत्यात एकच बोललं जाईल: सुनेने सासऱ्याची कंपनी विकली. बोलू देत, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

तिने पुढ्यातले कागद सारखे केले आणि उठणार, तेवढ्यात अण्णांनी टेबलावर हलकेच थाप मारली.

"हा ठराव मी मांडतो."

कंपनी सेक्रेटरी गोंधळले. "सर, नोंद नीला मॅडमच्या नावाने आहे."

"नोंद बदला. सेतू मी सुरू केली. सोपवायचीही मीच. कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं, दुसऱ्या कुणाचं नाही." मग त्यांनी चष्मा लावला आणि ठराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला. बटणांच्या फोनच्या अटीशी आले तेव्हा ते थांबले, ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पुढे गेले.

"अनुमोदन?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझं," अक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. ती कुणाकडे बघत नव्हती, पण टेबलाखाली तिचा हात मुकुलच्या मनगटावर होता.

मतासाठी हात वर झाले. नीलाचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, कारण तोवर तिचे दोन्ही हात मांडीवर अण्णांच्या दिशेने जोडलेले होते.